झाडीपट्टींतील वसंत आणि पक्षिज्ञानाचा अलिखित इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा गड, लढाया, सनदा आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. आणि तें साहजिकही आहे, कारण महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाचा पायाच मुळीं दप्तरांवर आणि बखरींवर घातला गेला. परंतु ज्या गोष्टीचें दप्तर कोणीं ठेविलें नाहीं तिला इतिहासच नसतो, असें मात्र नव्हे. एखाद्या प्रांतांतील लोक आपल्या भोंवतालचीं पांखरें कोणत्या नजरेनें पाहत आले, त्यांना काय नांवें देत आले आणि त्यांच्या येण्याजाण्यावरून शेतीचे कोणते अंदाज बांधीत आले, हाही त्या प्रांताच्या संस्कृतीचा इतिहासच होय. हा इतिहास लिहिलेला नसल्यामुळें तो शोधण्यास दप्तरखान्यांत न जातां बांधावर जावें लागतें, एवढाच काय तो भेद. अशा एका प्रदेशाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो प्रदेश म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील अर्जुनी मोरगांव तालुका, आणि त्यांतही केशोरी व तिच्या आसपासचीं शेतें, तलाव व डोंगर.

केशोरी हें गांव पुष्कळ वाचकांस केवळ मिरचीच्या पिकामुळें ऐकून माहीत असेल. १९९९ च्या मे महिन्यांत गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. पूर्व विदर्भाच्या ज्या वनव्याप्त पट्ट्यास लोक झाडीपट्टी म्हणतात, त्यांतलाच हा एक तुकडा. येथें एका सकाळच्या फेरींत तीन तऱ्हेची भूमि पायांखालून जाते. प्रथम लागतात त्या धानाच्या बांध्या. त्यांच्या वरच्या अंगास असते ती तलावाची पाळ. आणि तलावाच्या मागें चढत जातात ते साग, मोह, तेंदू व बांबू यांनीं भरलेले डोंगर. पक्षी पाहण्यास निघालेल्या मनुष्यास या तिन्ही भूमि एकमेकींस लागून सांपडाव्यात, ही गोष्ट फार ठिकाणीं घडत नाहीं. परंतु ही रचना सृष्टीनें आपोआप करून ठेविली आहे असें जो समजेल, तो फसेल.

कारण या तिहींपैकीं दोन भूमि मनुष्याच्या हातच्या आहेत. या भागांत तलाव बांधण्याची विद्या कोहळी समाजाची. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां तेथून त्यानें या लोकांस आणिलें, अशी त्यांची परंपरागत कथा आहे; आणि जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखालची जमीन मिळे, असेंही परंपरा सांगते. कथेंतील काशीचा भाग कोणीं मानो वा न मानो, तलाव मात्र डोळ्यांपुढें आहेत. दोन टेकड्यांमधील उतार नेमका हेरून तेथें मातीची पाळ घालावी, डोंगरावरून येणारें पावसाचें पाणी अडवावें आणि खालच्या अंगास पाटानें धानास द्यावें, ही त्यांची रीत. याच तालुक्यांतील नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें मानितात. ब्रिटिश अमदानींतील गॅझेटियरानें त्याचें क्षेत्रफळ पांच चौरस मैल व घेर सतरा मैल दिला आहे. हे कोलू पाटील पुढें लोकांच्या मनांत देवत्व पावले. तलावासभोंवारच्या ज्या शिखरांस ‘सात बहिणी’ म्हणतात, त्यांपैकीं एकावर कोलासूर देव म्हणून त्यांचें ठाणें आहे. पूर्व विदर्भांत असे लहानमोठे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. शिवाय शेतोशेतींच्या बोड्या निराळ्याच. तेव्हां ज्या पाणपक्ष्यांस आपण रानचें वैभव म्हणतों, तें वस्तुतः दोनतीनशें वर्षांच्या कुदळफावड्याचें फळ आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

आतां वसंताकडे वळूं. आमच्या काव्यांतला वसंत म्हणजे आम्रमंजरी, मलयानिल आणि कोकिळेचा स्वर. झाडीपट्टींतला वसंत याहून पुष्कळ रखरखीत, पण पाहणाऱ्यास अधिक उदार. माघ सरतां सरतां रानाची पानगळ होते आणि एरवीं पालवींत दडणारें पांखरूं उघड्या फांदीवर दिसूं लागतें. लाख, जवस, हरभरा हीं पिकें निघून बांध्या मोकळ्या होतात. बोड्या आटतात, आणि विखुरलेलें पाणपक्ष्यांचें जग उरल्यासुरल्या पाण्यावर एकवटतें. याच वेळीं एक मंडळी परत जाण्याच्या तयारींत असते, तर दुसरी घरटीं मांडण्याच्या. पाहुणे आणि घरचे असे दोघेही एकाच पंधरवड्यांत पाहावयास मिळतात ते याच ऋतूंत. म्हणून या प्रदेशाची पक्षिसंपत्ति जाणावयाची असेल त्यानें फाल्गुन-चैत्राचा काळ निवडावा.

जाणाऱ्यांत प्रमुख म्हणजे उत्तरेकडचीं बदकें. तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि ज्याच्या विरहाच्या कथेनें संस्कृत कवींनीं आपलीं पानें भरलीं तो चक्रवाक, हे सारे हिवाळा येथें काढून उन्हें तापूं लागतांच निघतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंसही विदर्भांतल्या तलावांवर उतरतो. त्याची वीण तिबेटांतील उंच सरोवरांवर होते आणि तेथें परततांना तो हिमालय ओलांडतो. योगायोग असा कीं, याच तालुक्यांत गोठणगांव व प्रतापगडाच्या बाजूस १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्या देशास मनुष्यांना परत जातां आलें नाहीं, त्या देशास हंस दरसाल परत जातात.

राहणाऱ्यांची गडबड याच वेळीं सुरू होते. काटेसावर आणि पळस फुलले म्हणजे त्यांवर मैना, कोतवाल, बुलबुल आणि सूर्यपक्षी यांची जत्रा भरते. पळसाच्या मधावर तुटून पडणारी जी गुलाबी मैना, ती स्वतः परदेशची पाहुणी. पण तिला मराठींत पळसमैना हें नांव मिळालें तें या ऋतूंतील तिच्या वर्तनावरूनच. डोंगराच्या पायथ्याशीं वडउंबरांवर हरियल कबूतरांचे थवे बसतात. हाच आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळें भरवितो. उघड्या ढेकळांत टिटवी खळगा करून अंडीं घालते. तीं मातीशीं इतकीं एकरूप असतात कीं, तिच्या ओरडण्यावरूनच शेतकऱ्यास तीं जवळ असल्याचें कळावें. आणि पहांटे मोहाचीं फुलें वेंचावयास टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांस, कोणताही पक्षिशास्त्रज्ञ उठण्यापूर्वीं, रानांतील पहिला आवाज कोणाचा हें ठाऊक झालेलें असतें.

येथें आमच्या विषयाचा गाभा येतो. या लोकांचें पाहणें ग्रंथांत उतरलें नाहीं हें खरें. पण तें नांवांत उतरलें. मराठींतील पक्ष्यांचीं नांवें एकत्र मांडून पाहिलीं तर त्यांत खेड्याची सारी वस्ती सांपडते. ठक्ठक् असा एकसुरी ठोका देणारा तो तांबट. खोड कोरणारा तो सुतार. पानें टांचून घरटें शिवणारा तो शिंपी. किडे मारून कांट्यास अडकवून ठेवणारा तो खाटिक. पाण्याच्या कांठीं शेपूट आपटीत हिंडणारा तो धोबी. आणि आपल्या हद्दींत आलेल्या कावळ्याससुद्धां पिटाळून लावणारा तो कोतवाल. टोळीनें कलकलाट करीत हिंडणारे ते सातभाई. इंग्रजांनीं मात्र त्यांसच सात बहिणी मानिलें. असें एकेक नांव म्हणजे एकेक निरीक्षण आहे. ज्यानें प्रथम तें दिलें त्यानें त्या पक्ष्याची हालचाल, आवाज आणि स्वभाव नीट पारखला होता, याविषयीं शंका नको.

नांवाहून पुढें जाऊन शेतकऱ्यानें पक्ष्याच्या आवाजास अर्थ दिला. वसंताच्या अखेरीस सुरू होऊन पावसापर्यंत वाढत जाणारा पावशाचा स्वर आमच्या कुणब्यास ‘पेरते व्हा’ असा ऐकूं येतो. त्याच स्वरांत हिंदी भाषिकांस ‘पी कहां’ हा विरहिणीचा प्रश्न ऐकूं आला, आणि उन्हानें त्रासलेल्या साहेबास तो मेंदूचा ताप वाटला. पक्षी एकच, पण प्रत्येकानें त्यांत आपल्या जीविताची चिंता ऐकिली. टिटवीनें अंडीं उंचावर घातलीं कीं सखल जागीं, यावरून पावसाचें मान ठरविण्याची चाल याच वर्गांतली. असे अंदाज शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरतील हा प्रश्न निराळा. परंतु टिटवीचें अंडें दरसाल कोठें असतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास हा अंदाज सुचणारच नाहीं. तेव्हां भाकीत खोटें ठरलें तरी त्यामागचें पाहणें खोटें ठरत नाहीं.

लिखित इतिहास येथें सुरू झाला तो बंदुकीच्या आवाजाबरोबर. एकोणिसाव्या शतकांत पक्षी अभ्यासणें म्हणजे तो मारून त्याचें कातडें पेंढा भरून ठेवणें, असाच प्रघात होता. लष्करी वैद्य जर्डन याचा हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या वर्षांत निघाला. त्यानें निदान देशी भाषांतील नांवें टिपून ठेवण्याची दृष्टि दाखविली. त्यामागून आला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून आमच्या वाचकांस परिचित असलेलाच. हा गृहस्थ सरकारी नोकरी सांभाळून सबंध देशांतून पक्ष्यांचे नमुने गोळा करवी. १८७२ मध्यें त्यानें केवळ पक्षिविषयाला वाहिलेलें नियतकालिक काढिलें. त्याचे ऐंशी हजारांवर नमुने १८८५ सालीं ब्रिटिश म्यूझियमकडे गेले. परंतु ज्या टिपणांवरून तो आपला मोठा ग्रंथ लिहिणार होता, तीं सिमल्याच्या बंगल्यांतून एका नोकरानें रद्दी म्हणून विकून टाकिलीं. कागदावर उतरलें म्हणजे ज्ञान अमर झालें, या समजुतीस ही चांगलीच चपराक होय.

ह्यूमला नमुने पुरविणाऱ्यांत ब्लूइट नांवाचा एक अधिकारी होता. त्यानें १८७२ च्या अखेरीस आमच्या झाडीपट्टीच्या पूर्वेस, आजच्या छत्तीसगढांतील बसना गांवाजवळ एक पिंगळा मिळविला. ह्यूमनें पुढच्या वर्षीं त्याची नवी जात म्हणून नोंद केली. हाच तो रानपिंगळा. १८८४ पर्यंत त्याचे उणेपुरे सात नमुने जमले आणि नंतर तो पक्षी जणूं पृथ्वीवरून नाहींसा झाला. कर्नल माइनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकानें १९१४ सालीं गुजराथेंत तो मिळविल्याचें सांगितलें होतें, त्यावर विसंबून पुढील शोध चुकीच्या जागीं होत राहिले; शेवटीं उघड झालें तें असें कीं, तो नमुना म्यूझियमांतूनच चोरलेला असून त्यावरची चिठ्ठी बनावट होती. ती चिठ्ठी बाजूस सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या आधारें पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे अमेरिकन अभ्यासक खानदेशांत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं त्यांस तो पक्षी जिवंत दिसला. एकशेंतेरा वर्षांनीं लागलेल्या या शोधांत बोध एकच आहे. अमुक पक्षी अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं पाहिला, ही साधी प्रामाणिक नोंद शतकानंतरही कामास येते. आणि खोटी नोंद तितकीच वर्षें लोकांस रानोमाळ हिंडविते.

मध्यप्रांताच्या पक्ष्यांची व्यवस्थित यादी करण्याचें श्रेय नागपूरच्या अजब बंगल्यास, म्हणजे १८६३ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयास जातें. तेथील संग्रहाध्यक्ष डि’अब्रू यांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलांत १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. मोठ्या कष्टाचें तें काम. पण अशी यादी पक्षी कोठें आहे हें सांगते, त्याचें गांवाशीं काय नातें आहे हें सांगत नाहीं. तें सांगण्यास एकाच जागीं जन्म काढणारा मनुष्य लागतो. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें सेलबोर्न या आपल्या खेड्याची सृष्टि आयुष्यभर पाहिली आणि १७८९ सालीं ती पत्ररूप ग्रंथांत मांडिली. त्या एका पुस्तकामुळें त्या देशांत घरोघर निसर्गनिरीक्षणाची आवड पसरली. आमच्याकडे असे व्हाइट नव्हते काय? होते, परंतु त्यांच्या हातीं लेखणी नव्हती.

नवेगांवबांधास ती गांठ एकदां पडली. वनाधिकारी म्हणून तेथें राहिलेले मारुति चितमपल्ली आणि त्याच गांवचे माधवराव पाटील डोंगरवार यांचा स्नेह मराठी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. माधवराव हे जुने शिकारी. पण तलाव, रान आणि पांखरूं यांचें त्यांचें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या संचितांतून आलेलें. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, वनविद्या शिकलेले आणि संस्कृताचे व्यासंगी. एकानें सांगावें, दुसऱ्यानें रानांत पडताळून पाहावें व लिहावें, असा हा योग जुळला. ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक आणि त्यांचें इतर पुष्कळ लेखन त्यांतून उभें राहिलें. पुढें त्यांनीं ‘पक्षिकोश’ रचून देशी नांवांस मराठींत कायमचें घर करून दिलें. १९७५ सालीं नवेगांव हें राष्ट्रीय उद्यान झालें. चितमपल्ली २००६ मध्यें साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ च्या जून महिन्यांत ते निवर्तले. शासनानें त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर यांमधील आठवडा २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून ठरविला आहे. परंतु माधवरावांसारखे जाणते आणखी किती गांवीं होऊन गेले आणि कोणीं न विचारल्यामुळें आपलें ज्ञान घेऊन गेले, याचा हिशेब कोणत्या सप्ताहांत व्हावयाचा?

हा प्रश्न केवळ हळहळीचा नाहीं. कारण भूमि झपाट्यानें पालटत आहे. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ याचें लघुरूप होऊन लोक त्यांस मामा तलाव म्हणूं लागले. मालगुजारी पद्धतींत अन्याय होता व ती गेली हें योग्यच झालें. पण पाळ दुरुस्त करणें व गाळ काढणें हीं जीं गांवानें एकत्र करावयाचीं कामें होतीं, त्यांस धनी उरला नाहीं. कित्येक तलाव गाळानें उथळ झाले व त्यांत बेशरमाचें रान माजलें. देवधान आणि कमळें गेलीं, तशी कमळपक्ष्याची व पाणकोंबडीची जागा गेली. दुसरीकडे केशोरीजवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालें आणि त्याच्या पाण्यावर उन्हाळी धान होऊं लागलें. पूर्वीं जेथें चैत्रांत भेगाळलेली माती असे, तेथें आतां हिरवें पीक डोलतें आणि त्यांत बगळे, वंचक व तुतारी चरतांना दिसतात. म्हणजे वसंतांतल्या पक्ष्यांचा मेळाच बदलला. कांहींस लाभ झाला, तर उघड्या ढेकळांत अंडीं घालणाऱ्यांचें अंगण गेलें. असा लाभतोटा किती झाला हें मोजावयाचें तर पूर्वींची नोंद हवी, आणि ती तर कोणीं ठेविलीच नाहीं.

तरीही निराश व्हावें असें चित्र नाहीं. केशोरीच्या उत्तरेस, गोंदियाच्या बाजूला वैनगंगा व वाघ नद्यांच्या खोऱ्यांत सारस पक्ष्यांचीं थोडीं जोडपीं उरलीं आहेत. महाराष्ट्रांत त्यांचा असा नियमित वास दुसरीकडे नाहीं. सारस आपलें घरटें उभ्या धानांतच मांडतो, आणि त्यापायीं होणारी पिकाची नासधूस सोसून तें राखणारे शेतकरी आहेत. स्थानिक निसर्गप्रेमी मंडळी त्यांच्याच मदतीनें दरसाल सारसांची मोजणी करितात. तसेंच अर्जुनी मोरगांव भागांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ यांनीं तलावांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या. त्यांचा हेतु मासळी वाढविण्याचा. पण जेथें मासळीस आसरा मिळतो तेथें पांखरूंही येतें. कोलू पाटलांनीं तलाव बांधिला तो तरी धानासाठीं होता, पक्ष्यांसाठीं नव्हे.

आज पक्षिनिरीक्षणास लोकांची गर्दी लाभली आहे, ही आनंदाची गोष्ट. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर अंगणांतील पक्ष्यांची गणना होते व तींत आमच्या देशांतले हजारों लोक भाग घेतात. अशा हौशी निरीक्षकांच्या सुमारें तीन कोटी नोंदींवरून १९२३ नव्हे, तर आमच्याच काळीं, २०२३ सालीं, हिंदुस्थानांतील ९४२ जातींचा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींविषयीं दीर्घकाळचा कल सांगण्याइतकी माहिती होती, त्यांपैकीं शेंकडा साठ घटत असल्याचें त्यांत दिसलें. माहितीच्या अभावीं उरलेल्या जातींविषयीं तेवढें सांगतां आलें नाहीं, ही त्यांतील दुसरी आणि अधिक विचार करण्याजोगी गोष्ट. आणि या नोंदी बहुतेक शहरवासी लोकांनीं सुटीच्या दिवशीं केलेल्या. केशोरीच्या बांधींत वर्षाचे बाराही महिने वावरणाऱ्याचें पाहणें त्यांत अद्याप फारसें उतरलेलें नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंती माफक आहे. येत्या वसंतांत कोणी आपल्या मुलाबाळांस घेऊन नवेगांवबांधास किंवा केशोरीच्या डोंगरांकडे गेला, तर दुर्बिणीबरोबर एक वही न्यावी. दिसलेल्या पक्ष्याचें नांव, दिवस आणि ठिकाण तींत लिहावें. पण तेवढ्यावर न थांबतां बांधावर भेटेल त्या म्हाताऱ्यास, तलावावर जाळें सुकवीत बसलेल्या ढिवरास, मोह वेंचणाऱ्या आजीबाईस विचारावें कीं, याला तुम्हीं काय म्हणतां, पूर्वीं हा किती येई आणि केव्हांपासून दिसेनासा झाला. तीं उत्तरें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावींत, व सांगणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें शेजारीं घालावें. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं तेव्हां त्यांतील बरींचशीं वाळवीच्या तोंडांतून ओढून काढावीं लागलीं. आम्ही सांगतों त्या दप्तरास वाळवी लागत नाहीं. पण तें ज्यांच्यापाशीं आहे तीं माणसें आज सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत.